बाबांची हरकत

माझ्या वडिलांइतकं खरं बोलून वकिली केलेला माणूस पृथ्वीतलावर दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचीही वकिली फारशी चालली नसणार. अकोल्याच्या कोर्टात बाबांनी पस्तीस वर्षं काळा कोट वागवला. नवा अशील आला की त्याची हकीकत डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायची आणि मग डोळे उघडून सांगायचं, "तुमची बाजू खोटी आहे. घरी जा आणि भावाची माफी मागा." अशील घरी जायचा नाही, शेजारच्या वकिलाच्या टेबलाकडे जायचा. आई म्हणायची, "तुमच्याकडे आलेला माणूस कोर्टात जायच्या आधीच हरतो." पण जे थोडे खरे निघत त्यांच्यासाठी बाबा जिवाचं रान करत. अशाच एका जिंकलेल्या अशिलाने एकदा घरी संत्र्यांची करंडी आणून ठेवली. बाबा घरी येईपर्यंत त्यातली दोन माझ्या पोटात गेली होती. बाबांनी बाजारातून तशीच दोन संत्री आणली, करंडीत ठेवली, करंडी सायकलवर बांधून त्याच्या गावी पोचवली आणि मिळाल्याची सही घेऊन आले.

घरातही कायद्याचंच राज्य होतं. बरणीतले लाडू मी खाल्ले हे उघड होतं, कारण बेसन माझ्या गालाला लागलेलं होतं. तरी माझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय बाबांनी आईला मला रागवू दिलं नाही. मी म्हणणं मांडायला मुदत मागितली, बाबांनी ती दिली, आणि प्रकरण दुसऱ्या दिवशीपर्यंत तहकूब झालं. आईने कपाळाला हात लावला आणि बरणी माळ्यावर टाकली.

अशा माणसाला जर्मनी मानवेल असं मला वाटायचं, पण इतकी मानवेल असं वाटलं नव्हतं. २०१६च्या उन्हाळ्यात, आई जाऊन आठ महिने झाल्यावर, बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे रेगेन्सबर्गला आले. मी आणि माझा नवरा नितीन, दोघंही गाड्यांच्या धंद्यातले इंजिनियर. आमची सहा वर्षांची तन्वी मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तर देणारी. बाबांनी पहिल्याच आठवड्यात आमच्या भाडेकराराला जोडलेले इमारतीचे नियम, म्हणजे हाउसऑर्डनुंग, मागून घेतले. सात पानं जर्मन. शब्दकोश घेऊन बाल्कनीत बसले आणि पाच दिवसांत सातही पानांचा मराठी तर्जुमा केला. आम्ही त्या घरात चार वर्षं राहत होतो आणि त्यातला एक शब्द वाचला नव्हता.

त्याची फळं लगेच दिसली. एका रविवारी दुपारी मी डाळीचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तसे बाबा स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी गॅस बंद करायला हात घातला. आमच्याकडे विजेची शेगडी, त्यामुळे आधी काय फिरवायचं ते त्यांना कळेना.

"एक ते तीन रुहेत्साइट आहे," ते म्हणाले. "शांततेची वेळ. कलम चार."

"अहो बाबा, त्यात कुकरच्या शिट्टीचं कुठे लिहिलंय?" नितीन म्हणाला.

"नितीनराव, आवाज लिहिलाय. शिट्टी हा आवाज आहे की नाही, एवढंच सांगा."

"गेनाऊ!" तन्वी टाळ्या पिटत म्हणाली.

"साक्षीदार हो म्हणतेय," बाबा म्हणाले. त्या दिवशी आम्ही तीन वाजता शिजवलेली डाळ साडेतीनला जेवलो. पुढे तर रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही ते लाल सिग्नलला तन्वीचा हात धरून उभे राहू लागले. तिची रोज उलटतपासणी घ्यायचे, शाळेत काय खाल्लं, कोणाशी भांडलीस, आधी कोणी ढकललं. ते मराठीत विचारत, ती जर्मनमध्ये सांगे, आणि दोघांना सगळं कळे. एक दिवस तिने मला चक्क मराठीत सांगितलं, "आई, आजोबांना परत नाही पाठवायचं."

माझ्याही मनात तेच होतं. अकोल्याच्या त्या घरात ते एकटे भाकरी थापताहेत, हे चित्र मला छळत होतं. नितीनने चौकशी केली. इथल्या कायद्याने सज्ञान मुलांकडे आईवडिलांना कायमचं राहू देणं जवळजवळ अशक्य. फक्त माणूस एकट्याने राहूच शकत नसेल, त्याला सांभाळणारं दुसरं कोणी नसेल, तर विचार होतो. "आल्झो, म्हणजे तब्येतीचं थोडं वाढवून सांगावं लागेल," नितीन म्हणाला. वाढवायला मुळात काहीतरी असावं लागतं. बाबा रोज डोनाऊ नदीच्या काठाने पाच किलोमीटर चालत होते.

मी परदेशी नागरिकांच्या कचेरीत वेळ घेतली. बाबांना म्हटलं, नुसती चौकशी करायची आहे, तुम्ही बसून राहा. ते कोट घालून आले. टेबलामागच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला शांतपणे विचारलं आणि मी जर्मनमध्ये सांगत सुटले. वडील विसरतात. गॅस चालू ठेवतात. गेल्या वर्षी दोनदा पडले. त्यांना स्वतःचं जेवणही करता येत नाही. सांगताना माझे डोळे भरून आले, तेवढंच काय ते खरं होतं.

तेव्हा बाबा उठले. कोटाचं बटण लावलं आणि कोर्टात उभं राहावं तसे उभे राहून इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माझी हरकत आहे. मी धडधाकट आहे आणि एकटा राहू शकतो. माझी मुलगी जे काही बोलली ते मायेपोटी बोलली. ते कृपा करून तिच्याविरुद्ध नोंदवू नये."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि लिहीत होत्या तो कागद घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "जा," त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे जर्मनमध्ये हो, ठीक आहे, आणि बाबांशी हात मिळवायला त्याही उभ्या राहिल्या.

मी मात्र पेटले होते. बसमध्ये बसल्यावर म्हटलं, "तुम्हाला जर्मन कधीपासून कळायला लागलं?"

"एवढं भरभर जर्मन नाही कळत गं. पण पस्तीस वर्षं साक्षी ऐकल्यात. शिकवलेली साक्ष कुठल्याही भाषेत ओळखू येते."

"म्हणजे तुम्हाला माझ्याकडे राहायचंच नव्हतं."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "राहायचं होतं ना," ते म्हणाले. "म्हणून तर उठायला उशीर झाला."

लहानपणी मी त्यांना कोर्टात पाहिलं होतं. समोरचा खोटं बोलू लागला की वाक्य पुरं व्हायच्या आत ते उभे असत. माझी त्यांनी चार वाक्यं होऊ दिली होती. हे लक्षात आलं तेव्हा आमचा स्टॉप आला आणि मला रुमाल सापडेना.

ठरल्या तारखेला ते गेले. विमानतळावर तन्वी रडली, मीही रडले. आता रोज सकाळी अकोल्याला फोन होतो. "बाबा, बरे आहात ना?" मी विचारते. ते बरा आहे म्हणतात आणि मी निर्धास्तपणे कामाला लागते, कारण बरे नसते तर तसं सांगितलं असतं. मग ते तन्वीची उलटतपासणी घेतात. एकटं करमतं का, हे मात्र मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते खरं सांगतील.