कोळंबीच्या टरफलांचे दाणे

दाणा चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाला करायचे आणि म्हणायचे, "पोटाला फसवायचं, बाय. एवढंच काम." कॉलेजातले सर. मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला. अशी माणसं तुम्ही पण बघितली असाल, शर्टाला ॲसिडची भोकं आणि त्यांना त्याचा पत्ताच नाय.

माझ्या शकूला साखरेचा आजार. सहा वर्षांची पोर, रोज दोनदा सुई. नवरा मुंबईला, टोचायची मीच. इन्सुलिनची चालू बाटली घरी मडक्यात आणि दुसरी सरांच्या फ्रीजमधी, त्यांनीच ठेव म्हटलं.

एकदा विचारलं, "हे औषध तोंडानं का नाय देत?"

"तू बांगडा खातेस तो पोटात शिल्लक राहतो काय? तसंच हे, पचून जातं."

म्हणून त्याच्यावर असं वेष्टन घालायचं, की पोटातल्या आंबटात फुटणार नाय आणि पुढं आतड्यात उघडेल. वेष्टन करायचे कोळंबीच्या टरफलांपासून. टरफलं बंदरावरनं मी आणायची, धुवायची, गच्चीवर वाळवायची. वास एवढा की शेजारचे मास्तर दारातून विचारायचे, "काय सर, जेवायला येऊ काय?"

"या की. आजचं पण फसलंय."

फसायचंच. आंबट पाण्यात दाणे विरघळून जायचे, महिनोन् महिने तेच. मग त्यांनी वरनं आणखी एक थर दिला आणि एक दिवस दाणे दोन तास तसेच राहिले ग्लासात. सर माझ्याकडं बघून हसले.

मी म्हटलं, "शकूला द्या."

"अजून उंदराला नाय दिलं. ग्लास म्हणजे पोट नव्हे, बाय."

"थोडे द्या."

"नाय म्हटलं ना."

पण फ्रीजमधी माझ्या बाटलीला लागूनच दाण्यांची बरणी. मी सहावी शिकलेली, मला वाटलं आंबटात टिकले म्हणजे झालं. मूठभर नेले. सकाळी पेजेतून दिले आणि सुई दिली नाय. शकू म्हणाली, "आज टोचायचं नाय?" आणि अंगणभर नाचली. ते बघून संध्याकाळी पण दिली नाय. दुसऱ्या दिवशी तिची लघवी निळ्या औषधात घालून तापवली तर नळी विटेसारखी लाल, म्हणजे साखर भरमसाट, आणि पोर ओकतेय, धापा टाकतेय, मी तशीच तिला उचलून इस्पितळात पळाले.

सर आले. बाकड्यावर बसून मी सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील.

"किती दिलेस?"

"मूठभर."

ते माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "उंदरांना पण दिले मी काल. साखर होती तेवढीच." आणि थोड्या वेळानं, "चूक माझी. तुझ्यासमोर हसायला नको होतं."

शकू वाचली. सरांनी त्यानंतर दाणे केले नाहीत. सुट्टी संपून कॉलेज उघडलं तेव्हा ते नव्हते, नोकरी सोडून गावाला गेले म्हणतात, कुठल्या ते कोणाला नक्की माहीत नाय. दाण्यांचं माझ्या तोंडून बाहेर काय गेलं नव्हतं, त्यांच्याही नाय.

शकू अजून विचारते, "सरांचं औषध झालं काय गो आई?"

"होतंय," मी सांगते. "हात पुढं कर."