भुऱ्याचं पथ्य

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आधी एवढं ऐका, की ते दिवस फार मजेचे होते. तेच तर सांगायला अवघड जातं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मुंबई सोडून आम्ही ओफाकिम या नव्या गावात राहायचो, वरच्या मजल्यावर. खाली सेगुलाबाय. अलिबागकडची, विधवा, मुलगा दूर हैफाला. हिब्रूचा शब्द येत नसे तिला. तिचा सगळा जीव भुऱ्यात — करडा, कानफाटका बोका. आणि मी? मी गिरणीत कामाला, पण उल्पानमध्ये, म्हणजे नव्या माणसांच्या हिब्रू वर्गात, पहिली आलेली. आमच्या मुंबई-कोकणाकडच्या ज्यू लोकांपैकी कोणाचं डॉक्टरकडे, हापिसात काम निघालं की मला हाक. मला ते किती आवडायचं, काय सांगू?

भुऱ्या पाणी पीत सुटला, वाळत चालला. शेजारच्या किबुत्झमध्ये, त्या सामाईक शेतीच्या वस्तीत, गाईंचा डॉक्टर होता, त्याच्याकडे आम्ही त्याला टोपलीत घालून नेलं. त्याने पोट चाचपलं आणि भराभर बोलला. मूत्रपिंडं बिघडलीत, पण खाणं सांभाळलं तर बरेच दिवस काढील. भात द्या, पाणी भरपूर, ही जीवनसत्त्वांची पूड मिसळा, आणि खेलबोन अगदी कमी. खेलबोन — हा शब्द मला येत होता. अंड्यातला पांढरा बलक. बाकीचं अर्धं डोक्यावरून गेलं होतं, पण सेगुलाबाय माझ्या तोंडाकडे बघत होती ना.

"अंड्याचा पांढरा द्यायचा नाही," मी म्हटलं. "पिवळा द्यायचा."

"नि कलेजी?"

डॉक्टर गाईकडे वळला होता. त्याला परत हाक मारायची? तिच्यासमोर?

"कलेजी तर द्यायचीच," मी म्हणाले.

आणि मग काय धांदल उडाली! कोंबडीची कलेजी विस्तवावर भाजायची, रक्त पार निघावं म्हणून, आपल्या रीतीप्रमाणे, मग मुंबईहून आणलेल्या पाट्यावर वाटायची, भातात पिवळा बलक कालवायचा, वर ती पूड. कामावरून सुटले की मी धावत तिच्याकडे. शेजारणी जमायच्या. भुऱ्या ताट चाटूनपुसून खायचा, त्याच्या अंगाला चकाकी आली, आणि सगळ्या माझ्याकडे बघायच्या. पलीकडच्या नेतिवोत गावापर्यंत बातमी गेली की ओफाकिमला एक बाई मांजराची मूत्रपिंडं सुधारते. हसू नका — मला रात्री आनंदाने झोप येईना.

मग एके दिवशी माझी लेक ओर्ना शाळेचा अभ्यास मोठ्याने वाचत बसली होती. त्यात खेलबोन हा शब्द आला. मी तिला मराठीत विचारलं, "अंड्यातला तो पांढरा, तोच ना गं?" तिने नेहमीसारखं हिब्रूत उत्तर दिलं, की इमा, अंड्यातला तर आहेच, पण खेलबोन म्हणजे मांस, मासे, कलेजी, यातलं जे अंगाला लागतं ते सगळंच — म्हणजे प्रथिनं.

मांस. कलेजी. जे कमी करायचं तेच मी त्याला पोटभर घालत होते.

मी तशीच उठून खाली गेले. सांगायलाच गेले होते — यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. सेगुलाबायने दार उघडलं, तिचा चेहरा नुसता फुललेला. आत नेतिवोतहून आलेली एक अनोळखी बाई बसली होती. तिच्याही मांजराला तोच आजार. "ही बघ, हीच ती," सेगुलाबाय म्हणाली.

आणि मी बसले. त्या बाईला सगळं पथ्य पुन्हा सांगितलं — कलेजी किती, बलक किती. वर आपल्या मनाची भर घातली, की कोंबडीचं हृदयही चालेल. माझा आवाज खणखणीत होता. छाती धडधडत होती, पण ती भीतीने नव्हे. त्या दोघी माझं ऐकत होत्या, आणि मला थांबवेना. ती बाई आनंदात बस पकडायला गेली. तिच्या मांजराचं नावही मी विचारलं नाही.

त्यानंतरही मी खाली जात राहिले, पाट्यावर कलेजी वाटत राहिले. थंडी सरायच्या आत भुऱ्याने खाणं टाकलं आणि तो गेला.

सेगुलाबाय त्याच्या टोपलीपाशी बसली होती. मला बघून रडू लागली. म्हणाली, "मीच मारला गं त्याला. तू मीठ घालू नको म्हणून बजावलं होतंस. मी तुझ्या पाठीमागं चिमूट चिमूट घालायची, चव यावी म्हणून. तुझी सगळी मेहनत मी वाया घालवली. मला माफ कर."

तेव्हा बोलता आलं असतं. ती, मी आणि मेलेलं मांजर, दुसरं कोणी नव्हतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, सेगुलाबाय," मी म्हटलं, "मी माफ केलं."

तिने माझे हात आपल्या हातांत घेतले, आणि मान देताना आपल्यात करतात तशी मग स्वतःची बोटं ओठांना लावली. मी लावू दिली.