रिकाम्या टेबलाचा फोटो

तक्रारदार: मी, तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणारा अर्जनवीस; शिक्षण सातवी, अनुभव उभ्या हयातीचा. गैरअर्जदार: शहरात क्रांती चौकाकडे कार्यालय असलेल्या विकास संस्थेच्या ताई. घटनेचा दिवस: मंगळवार. साक्षीदार: कचेरीसमोरचा चहावाला. नावे अब्रूखातर लिहिलेली नाहीत.

ताईंनी मला वडिलांच्या जागी मानले, निदान तसे बोलून दाखवले. गावोगावच्या बायकांना अर्ज लिहायला शिकवावे, अशी त्यांची विनंती होती. आमच्या धंद्यात ही विद्या परक्याला देत नाहीत. मी दिली. मंगळवारी तालुक्याला बाजार भरतो, पुरुषमंडळी तिकडे गेली की बायकांना मोकळीक मिळते. म्हणून वर्ग मंगळवारी. बाजाराचा दिवस आमच्याही कमाईचा, तरी तोच मी सोडला. खुलताबादकडच्या समाजमंदिरांत सतरंजीवर बसून विषय कसा मांडावा, मागणी एकच कशी ठेवावी, पोच घेतल्याशिवाय खिडकी का सोडू नये, हे सारे हातचे राखून न ठेवता सांगितले. एका विधवा बाईने स्वतः लिहिलेल्या अर्जावरचा शिक्का मला दाखवला, तेव्हा माझा ऊर भरून आला, हेही नमूद करतो.

पुढे संस्थेने शहरात बैठक ठेवली. शिकवण्याचा परिणाम मोजून पाहुण्यांना दाखवायचा होता. सत्कार होईल या समजुतीने मी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसलो. पडद्यावर माझे टेबल आले. रिकामे. मागे बाजाराची पाले. ताई सांगत होत्या की, आता अर्जनवीसाकडे कोणी फिरकत नाही, हाच आपल्या कामाचा परिणाम. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठले. "ताई, हा फोटो मंगळवारचा आहे. त्या दिवशी मी तुमच्याच वर्गात होतो."

"काका, मोजायला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तुमचं नाव कुठं घातलंय आम्ही?"

त्या बैठकीचा अहवाल फोटोसकट कचेरीतही पोहोचला. आता अर्जनवीसाची गरज काय, असे साहेबांनी विचारले आणि लिंबाखालची माझी जागा गाड्या लावण्यासाठी रिकामी करण्यास सांगितले. चहावाला म्हणाला, "काय काका, शिकवता शिकवता सोताचंच दुकान उठवलं व्हय?" मला हसता आले नाही.

सबब विनंती की, त्या मंगळवारी मी कोठे होतो हे ताईंनी साहेबांना लेखी कळवावे. परिणाम मोजायचाच असेल, तर त्या बायकांना विचारून मोजावा. त्यांना अद्याप कोणीही विचारलेले नाही. माझी जागा जाण्यापूर्वी उत्तर मिळावे.