एकशे पंधरा नावाचा फोल्डर

कुणी चहा पुढे केला तर वंग मिंगथांग आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. तैवानच्या मिठागरांकडच्या एका छोट्या रुग्णालयात सव्वीस वर्षं त्याने संगणक सांभाळले, पण सर्व्हरच्या खोलीची किल्ली एकदाही दुसऱ्याच्या हाती दिली नाही. अशा माणसाच्या शेजारी ऑक्टोबरात गू युएच्याव येऊन बसली. चाळिशी ओलांडलेली, सिंगापूरच्या मोठ्या कंपनीत पंधरा वर्षं काढून आजारी आईसाठी गावी परतलेली. नोकरी तीन महिने कच्ची. पक्की करायची की नाही, हा शेरा वंगने लिहायचा होता.

"आईचं निमित्त आहे," तो बायकोला म्हणाला. "बाईचा डोळा माझ्या खुर्चीवर आहे."

नववर्षाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच सकाळी रुग्णालयाचं नंबर लावायचं संकेतस्थळ बंद पडलं. खिडकीपाशी म्हाताऱ्यांची रांग जिन्यापर्यंत गेली. वंग सर्व्हरला 'सुरू हो' म्हणायचा आणि तो दोन सेकंदांत मान टाकायचा. त्यात आज दुपारी बाराच्या आत गूबाईंच्या शेऱ्याचा कागद रुग्णालयप्रमुख ल्यानसाहेबांच्या टेबलावर जायचा होता.

वंगने वर पाहिलं. सर्व्हरच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं. ते तैवानात कुठल्याही सर्व्हरवर असतंच. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवायचं, खायचं नाही, आणि तारीख उलटू द्यायची नाही. पण हे पाकीट नवीन होतं.

"पाकीट कुणी बदललं?"

"मीच, दादा. जुन्याची तारीख उलटली होती."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं होतं. तुम्ही 'बघू' म्हणालात."

आज पाकीट, उद्या खुर्ची, असं वंगच्या मनात आलं. त्याने खण उघडला, गूबाईंचा कागद काढला आणि शाईच्या पेनाने शेरा लिहून टाकला: 'विश्वासास पात्र नाही.' मग तो बिघाड शोधायला बसला.

शोधायला फार वेळ लागलाच नाही. सर्व्हर का उठत नाही, ते त्याच्याच नोंदीत स्वच्छ लिहिलेलं होतं. रोजच्या भेटींची नोंद ज्या फोल्डरात करायची, तो '११५' नावाचा फोल्डर जागेवरच नव्हता. आणि तो पुसला होता गूबाईंनी बसवलेल्या सफाईच्या प्रोग्रामने. वंगला मनापासून आनंद झाला. त्याने ल्यानसाहेबांना फोन केला.

"साहेब, खाली या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

गूबाई त्याच्या खांद्यामागे उभ्या होत्या. "दादा, आधी आपण दोघंच बघूया," त्या हळूच म्हणाल्या.

"का? लपवण्यासारखं काय आहे?"

साहेब आले. वंगने त्यांच्यासमोर कुणी काय केलं याची यादी उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागला. तीस डिसेंबर, गू: सगळ्या फोल्डरांना इंग्रजी सालाची नावं दिली, नवा फोल्डर २०२६. एकतीस डिसेंबर, संध्याकाळी पाच वीस, वंग: २०२६ चं नाव बदलून ११५ केलं.

बोट तिथेच थांबलं.

त्याला ती संध्याकाळ आठवली. सव्वीस वर्षं फोल्डरांना तो तैवानचं सरकारी साल, १९१२ ला पहिलं धरून मोजलेलं, देत आला होता, ९०, १००, ११४. ती नावं गेलेली बघून त्याला वाटलं होतं, बाई आपली खूणच पुसतेय. मग कुणाला न सांगता त्याने नवा फोल्डर परत आपल्या सालात आणला आणि सर्व्हरलाही तोच दाखवला. सफाईवाल्या प्रोग्रामला तैवानचं साल काय माहीत? तीन वर्षांपेक्षा जुनं ते काढ, एवढाच त्याला हुकूम. त्याच्या लेखी एकशे पंधरा म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा केर.

"सफाईवाला फक्त इंग्रजी साल ओळखतो, हे मला सांगितलं होतंत?" त्याने मान न वळवता विचारलं.

"दोनदा," गूबाई म्हणाल्या. "तुम्ही 'बघू' म्हणालात."

त्यांनीच पुढे होऊन २०२६ नावाने फोल्डर पुन्हा बनवला आणि सर्व्हरला तो दाखवला. सर्व्हर एका दमात उठला आणि वर जिन्यातली रांग हलली. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "वंग, बाईंचा कागद?"

त्या कागदावर अनुक्रमांक होता, दुसरा मिळणार नव्हता. खाडाखोड चालते, पण तिच्यावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारावा लागतो. वंगने खिशातून लहानसा शिक्का काढला. लाज त्याच्या कानापर्यंत चढली होती. त्याने त्या तीन शब्दांवर रेघ ओढली, शिक्का लाल शाईत दाबला आणि रेघेवर उमटवला. खाली लिहिलं: 'पक्की करावी.'

कागद साहेबांआधी त्याने गूबाईंपुढे धरला. त्यांनी तो वाचला, रेघेखालचंसुद्धा.

"दिसतंय, दादा," त्या म्हणाल्या.

"दिसणारच," वंग म्हणाला. त्याने सर्व्हरच्या खोलीची किल्ली जुडग्यातून काढली आणि कागदावर ठेवली.