मुंगूस वेगळं निघालं

मंडळी, आज सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

अमरावतीत ज्या कॉलेजात शिकले, तिथेच मी प्राणिशास्त्र विभागात कंत्राटावर आहे. घरातली पहिली पदवीधर मी. माझं कंत्राट वाढवायचं की नाही, हे आमच्या विभागप्रमुख सरांच्या हातात आहे. त्यांनीच मला शिकवलं.

काल मी पेंढा भरलेल्या मुंगसाच्या पेटीवरची पाटी बदलली. सरांच्या अक्षरात ‘उदमांजर कुल, मुंगूस उपकुल’ असं होतं. पूर्वी मुंगूस उदमांजराच्याच कुलात, म्हणजे घराण्यात, धरत. आता मुंगसाचं स्वतंत्र कुल धरतात.

आज सकाळी शिपाई रामभाऊंनी नवी पाटी पाहिली. “काहून बदलली पोरी? सरायच्या हातची व्हती ते. नोकरी नको झाली का तुले?”

तेवढ्यात सरच आले. पाटी दोनदा वाचली.

“जुनी कुठाय?”

ती मी कालच कचऱ्यात टाकली होती. मी डब्याकडे पाहिलं.

रामभाऊंनी खिशातून ती काढली. “माह्याजवळ हाय, सर. पोरीनं कचऱ्यात टाकली व्हती, म्या उचलली.”

सरांनी आपल्या अक्षरावरची धूळ पुसली. मग म्हणाले, “म्हणजे मुंगूस वेगळं निघालं.”

“भांडण झालं असंन घरात,” रामभाऊ म्हणाले. सर माझ्याकडे वळले.

“तुझी पाटी बरोबर आहे. पण आधी विचारायचं होतंस. ही खाली लाव. आपण काय समजत होतो, तेही मुलांना दिसू दे.”

कंत्राटाचं काही बोलले नाहीत. दोन्ही पाट्या लावल्या, तरी आधी विचारलं नाही हे टोचतंय.

आपल्याच शिक्षकांचं लिहिलेलं दुरुस्त करायची वेळ आली, तर तुम्ही कसं सांगता?