बाईंचा जंगलाचा तास

रिमोट धरलेला हात बाई खांद्याच्या वर न्यायच्या आणि बटण दाबायच्या. वर्गातल्या पडद्यावर, जंगलात एकट्याने जगून दाखवायच्या टीव्ही कार्यक्रमातला तो गोरा माणूस गढूळ डबक्यापुढे वाकलेला असायचा, ओंजळ तोंडापाशी पोचलेली असायची, आणि नेमकं तिथे चित्र थांबायचं. आठवीचा अख्खा वर्ग कण्हायचा. बाई पडद्यासमोर येऊन उभ्या राहायच्या.

“आता त्याला सोडा. तुमच्या हातात काय आहे ते सांगा.”

पेणकरपाड्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत मी भाषा शिकवतो, त्या विज्ञान शिकवायच्या. जन्म गिरगावातल्या चाळीतला, लग्नानंतर मीरा रोड. जंगल त्यांनी टीव्हीवरच पाहिलं होतं. कुत्र्यांना तर इतक्या घाबरायच्या की, शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रा झोपलेला असला तर सिल्व्हर पार्कला वळसा घालून यायच्या. अशा बाईंनी पोरांना जंगलात जगायला शिकवावं, यावर आम्ही शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ हसलो. त्याही हसायच्या. विज्ञान जंगलाचं नाही, पाण्याचं आहे, आणि पाणी पेणकरपाड्यातही असतं, एवढंच त्यांचं उत्तर असे.

सुरुवात साधीच होती. मिश्रणं वेगळी करण्याचा धडा चालू असताना मागचे बाक डुलक्या घेत होते. मधल्या सुट्टीत तेच बाक तावातावाने बोलताना बाईंनी ऐकले. त्या माणसाने मोज्यातून पाणी गाळलं, मग एक अळी खाल्ली, वगैरे. त्या रात्री जेवताना बाईंनी घरी तो कार्यक्रम लावला. त्यांचे यजमान ताटावरून उठून गेले. बाई मात्र शेवटपर्यंत बघत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या घेऊन वर्गावर गेल्या.

समोरच्या बांधकामावरून वाळू आली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा आला, कुणाच्या तरी आईची जुनी ओढणी आली. कापलेल्या बाटलीत थर रचले आणि वरून नाल्याकाठचं गढूळ पाणी ओतलं. खालून थेंब थेंब निवळ पाणी पडायला लागलं तेव्हा मागचे बाक पुढे येऊन उभे होते. एका मुलाने उत्साहाने पेला उचलला. बाईंनी तो तोंडापर्यंत जाऊ दिला नाही.

“स्वच्छ दिसतंय, एवढंच कळलंय. आता उकळायचं.”

तो तर तसंच पितो, असं मुलाने म्हटलं. बाई म्हणाल्या की, त्याच्यासमोर कॅमेरावाला उभा आहे, आणि कॅमेरावाल्याच्या पिशवीत पाण्याची बाटली असणारच. तुमच्यासमोर कोण उभं आहे? वर्गाला हे पटलं. त्या दिवसापासून मुलं कार्यक्रम बघायची ती कॅमेरावाल्यालाही धरून. कुठे खरं, कुठे नाटक, यावर वाद घालायची. माझ्या मते बाईंचं खरं शिकवणं तेच होतं.

सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. श्रावणी नावाच्या एका हुशार मुलीचे वडील मुख्याध्यापकांकडे आले. बँकेत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं सभ्य. मुलगी घरी गाठी बांधत बसते, पडद्याच्या दोऱ्या सोडून नेते, असं त्यांचं म्हणणं होतं. तिला पुढे सायन्सला घालायचंय, जंगलात नाही पाठवायचं. मुख्याध्यापकांनी बाईंना ताकीद दिली. तुम्ही मागताय ती जंगलाची सहल एकदाच काढा, सोबत एक पालक न्या, आणि तिथे काही वेडंवाकडं झालं तर हा प्रकार बंद. बाईंनी सोबत न्यायचा पालक तिथल्या तिथे निवडला. श्रावणीचे वडील.

काशिमिऱ्याच्या पुढे चेण्याच्या बाजूला, नदीकाठच्या पायवाटेने आम्ही गेलो. थंडीचे दिवस होते. मुलांनी पानं ओळखली, सावलीवरून दिशा काढल्या. श्रावणीचे वडील मागून हाताची घडी घालून चालत होते. सगळं सुरळीत झालं आणि परतताना, उतारावरच्या सुट्या खड्यांवरून बाईंचा पाय घसरला. घोटा दोन दगडांत अडकला आणि मुरगळला. हाडाचा आवाज मलाही ऐकू आला.

बस दूर, मोठ्या रस्त्यावर होती. श्रावणीचे वडील फोन उंच धरून चढावर गेले, रेंज मिळेना. मी बाईंना खांद्याचा आधार देऊन उठवायला गेलो. त्या अर्ध्या उठल्या, पांढऱ्याफटक पडल्या आणि खाली बसल्या.

“सर, त्यांना चालवू नका,” श्रावणी म्हणाली.

मुलं बाईंकडे बघत होती. नेहमीचा प्रश्न येईल अशी वाट बघत असावीत. बाईंनी डोळे मिटून घेतले होते, ओठ आवळले होते. शेवटी श्रावणीच इतरांकडे वळली आणि आपल्या हातात काय आहे, असं तिने विचारलं.

मग जे झालं त्यात मला करण्यासारखं फार काही नव्हतं. पायाच्या दोन्ही बाजूंना काटक्या, मध्ये रुमालांची गादी, वरून ओढणी. दोन मुलं जवळच्या शेतात पळाली. कुंपणाला दोन जाड बांबू टेकवलेले होते. शेतातल्या बाईने “न्या, पन परत आनून ठेवा हां” एवढंच सांगितलं. गणवेशाचे शर्ट उतरले, बांबू त्यांच्या बाह्यांतून गेले. मधला भाग अपुरा पडत होता. तेवढ्यात श्रावणीचे वडील रेंज न मिळताच खाली आले.

“पप्पा, तुमचा शर्ट लागेल.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि बटणं काढायला लागले.

मुलांनी आधी वर्गातल्या सगळ्यात जाड मुलाला त्यावर झोपवून उचलून बघितलं. बाईंनी डोळे उघडले, मान वळवून नीट पाहिलं.

“ती डावीकडची गाठ सुटेल. पुन्हा बांधा.”

गाठ पुन्हा बांधून होईपर्यंत त्या झोळीत यायला तयार झाल्या नाहीत. मग बनियनवरचे बँकेतले गृहस्थ पुढे, मी मागे, मुलं दोन्ही बाजूंनी, अशी वरात निघाली. वस्तीजवळ कुत्री भुंकत आली तेव्हा घोटा मोडलेल्या बाई कळवळून बोलल्या, ते मात्र पायासाठी नाही. आधी त्या कुत्र्यांना हाकला, म्हणाल्या.

शाळेत अर्थातच गदारोळ झाला. बाईंचाच पाय मोडला, उद्या मुलांचा मोडेल, म्हणून तास बंद करा, असं पालकसभेत पुष्कळांनी मांडलं. मुख्याध्यापकांचंही जवळपास ठरलं होतं. तेव्हा श्रावणीचे वडील उठले.

“मी त्या दिवशी रेंज शोधत होतो,” ते म्हणाले. “पोरं काम करत होती. तास बंद करू नका.”

एवढं बोलून ते बसले. पुढच्या महिन्यापासून शनिवारचा एक तास वेळापत्रकात बाईंच्या नावाने लागला. पहिले काही तास त्यांनी प्लास्टरमधला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून घेतले. आपल्याच पायाचा एक्स-रे खिडकीच्या काचेवर चिकटवून त्यांनी मुलांना हाडं शिकवली.

मग त्या निवृत्त झाल्या. लेकीकडे नाशिकला गेल्या. निरोपाच्या दिवशी भाषणाला उभ्या राहिल्या. मुलांकडे बघून नुसत्या हसल्या, डोळे पुसले आणि बसल्या. तुम्ही आम्ही अशा प्रसंगी किती बोलतो.

शनिवारचा तास माझ्याकडे आला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भाषेच्या मास्तराला हे काय जमणार, असं मला वाटलं होतं. पण मला शिकवायला फारसं उरलेलं नसतं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगतात, खालची त्यांच्या खालच्यांना. परवा आठवीच्या मुलांनी गच्चीवर खोक्याला आतून चमकता कागद लावून उन्हावर भात शिजत ठेवला होता. यातल्या कुणीही बाईंना पाहिलेलं नाही. मी भात शिजला का बघायला वाकलो.

“सर, तुमची सावली पडतेय,” एक मुलगी म्हणाली. “जरा बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो.