छत्रीसमोरचा बाक

आईने पंजाबी ड्रेस शिवायला टाकलाय, हे मला शिंप्याकडून कळलं. मरोळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, माझे ब्लाउज तोच शिवतो. मी जाता जाता सहज डोकावले तर म्हणाला, "काकींचा ड्रेस तयार आहे. सलवारीला घोट्यापाशी इलॅस्टिक लावलंय, त्यांनी सांगितलं तसं." मी म्हटलं, कुठल्या काकी? माझ्या आईने सत्तरी ओलांडली तरी साडीशिवाय काही घातलेलं मी पाहिलेलं नाही. एकदा गाऊन घातला होता, पण तो दवाखान्याने दिलेला, आणि त्यातही ती दोन्ही हातांनी अंग झाकून पडली होती.

घरी येऊन विचारलं तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "साडी चालत नाही तिथं. पायांच्या मधून पट्टा असतो."

"कुठे चालत नाही?"

"छत्री परत येतेय."

मग तिने फोन पुढे केला. घाटकोपरच्या आमच्या जुन्या वस्तीतल्या महिला मंडळाचा ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. मढच्या बाजूच्या त्या जुन्या पार्कमध्ये कित्येक वर्षं गंजत उभी असलेली छत्री नव्या रंगात पुन्हा सुरू होणार होती. खाली सगळ्या बायकांनी हात जोडलेले आणि रडणारे हसरे चेहरे पाठवले होते. आईने काहीच पाठवलं नव्हतं. तिने ड्रेस शिवायला टाकला होता.

छत्री हे आमचं नाव. पार्कने तिला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मध्ये उंच खांब, वर गोल रंगीत छप्पर आणि छपराच्या कडेने साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या. छप्पर फिरायला लागलं की खुर्च्या बाहेर फेकल्या जायच्या, वर वर जायच्या, आणि तिथून खाडी, खारफुटी, लांबवरच्या होड्या असं सगळं दिसायचं. मोठ्या पार्कांच्या मानाने ते पार्क म्हणजे लग्नात मागच्या रांगेत बसलेला नातेवाईक, पण आमच्या विहाराच्या महिला मंडळाची सहल दर मे महिन्यात तिथंच जायची, कारण ते परवडायचं.

बसमधून उतरलं की आम्ही पोरं आधी छत्रीकडे धावायचो. चप्पल पायात ठेवली तर वरून उडून जायची, म्हणून सगळ्यांनी चपला काढायच्या. त्या काढायच्या कुठे, तर समोरच्या बाकावर माझ्या आईपाशी. चपला, जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, बाबांचं घड्याळ, शेजारच्या मावशींची पर्स, कुणाचं तरी रडकं तान्हं. ती सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने बाकाखाली लावून ठेवायची आणि बसायची. बाकीच्या बायका पदर खोचून एकेक चक्कर मारून यायच्या. आई नाही. आईला चक्कर येते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

बाबांनी एकदा वरून, फिरत्या खुर्चीतून, फोटो काढला होता. सगळं हललेलं, फरपटलेलं आहे त्यात. फक्त मधोमध बाक बऱ्यापैकी नीट आलाय आणि बाकाजवळ उभी राहिलेली आई. तिचा एक हात वर आहे. दादाने तो फोटो पाहिल्या पाहिल्या म्हटलं होतं, "आई रिक्षा थांबवतेय." तेव्हापासून घरात तो विनोद झाला. अल्बम उघडला की कुणीतरी विचारायचंच, "काय गं, थांबला का रिक्षावाला?" बाबा तर दर वेळी नवीन ऐकल्यासारखे हसायचे. आईही हसायची. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा सामानात तो अल्बम होता, आणि तेव्हाही दादाने तेच विचारलं.

आता ही बाई छत्रीत बसायचं म्हणते. मी मुळात घाबरट नाही. मला काळजी करायची सवय आहे आणि ती मी चिडून करते. पुढचे दोन आठवडे मी तेच केलं. आईची बीपीची गोळी, आईचा डावा गुडघा, साखळी तुटली तर, पट्टा सुटला तर. ऑफिसात बसून मी झोपाळ्या-पाळण्यांच्या अपघातांच्या बातम्या शोधत होते, आणि मुंबईतली सापडली नाही की परदेशातली वाचत होते. भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून मी आईला म्हणायचे, "नुसतं बघून येऊ हां." ती म्हणायची, "बघू." या 'बघू'ने माझं डोकं फिरायचं. लहानपणी हेच उत्तर मिळालं की आम्हाला समजायचं, काही मिळणार नाही. आता त्याचा अर्थ काय घ्यायचा?

दादाला मुलुंडला फोन केला. तो म्हणाला, "तू तिला चढू देऊ नकोस यार. काही झालं तर काय करणार?"

"मग तू ये ना अडवायला."

"मला जमलं असतं तर आलो नसतो का? तू आहेस ना तिथं. तू सांभाळ."

आमच्या घरात 'तू सांभाळ' म्हणणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. मी फोन ठेवला.

रविवारी सकाळी आई तो ड्रेस घालून बाहेर आली. गडद हिरवा, बारीक ठिपक्यांचा. मला ती कुणीतरी दुसरीच बाई वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यानेही मी चिडले. मेट्रोत तिचा हात सारखा खांद्याकडे जायचा, पदर सारखा करायला. तिथं पदर नसायचा, मग ती ओढणीच उगाच नीट करायची. वर्सोव्याला धक्क्यापाशी वडापावची गाडी होती. मी दोन घेतले. ती म्हणाली, "मला नको. नुसता चहा."

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस. चक्कर येऊन पडशील."

"तू खा ना."

मी दोन्ही खाल्ले, रागाने.

फेरीबोटीत आमच्या आजूबाजूला स्कूटर उभ्या होत्या. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. आई काठावरच्या बायकांकडे बघून म्हणाली, येताना सुकट घेऊ. तिचा 'येताना'वरचा विश्वास बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पण आई, तुला चक्कर येते ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे. बाबाच म्हणायचे."

"ते म्हणायचे," आई म्हणाली. "मी कधी म्हटलं?"

मी आठवत बसले. बोट पलीकडे लागेपर्यंत मी आठवत होते, आणि आईच्या तोंडचं तसं एकही वाक्य मला आठवलं नाही. मला तिच्याशी भांडायला काहीतरी हवं होतं आणि तिने ते दिलं नाही.

पार्कमध्ये माझ्या वयाच्या लोकांचीच गर्दी. पोटं सुटलेले बाप छत्रीपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते आणि त्यांची पोरं कंटाळून फोनमध्ये बघत होती. छत्री मात्र झकास दिसत होती, लाल-पिवळी, खुर्च्यांना नवे पट्टे. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती ती. समोरचा बाकही होता. जुनाच, फक्त रंगवलेला.

रांगेच्या तोंडाशी पाटी होती. मी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "हृदयविकार, उच्च रक्तदाब, मणक्याचे आजार..."

"मला वाचता येतं," आई म्हणाली.

माझी सगळी मदार आता त्या पाटीवर होती. मला वाटत होतं, तिथली माणसंच नको म्हणतील, आणि मग मी आईला म्हणेन, बघ, आपण काय करणार, नियम आहे. माझ्यावर काही येणार नाही. परत जाताना सुकट घेऊ, भरपूर घेऊ.

आमची पाळी आली. गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी होती, पंचविशीतली. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी बसणार? बीपी वगैरे आहे का?"

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "आहे. गोळी घेतलीय. डॉक्टरांना विचारून आलेय. ते म्हणाले, हळू फिरणारं असेल तर हरकत नाही, फक्त पोटभर खाऊन बसू नका."

आणि पर्समधून तिने डॉक्टरांचा कागदसुद्धा काढला. डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन जाते. मी औषधाच्या दुकानात उभी असताना हिने आत हे सगळं विचारून घेतलं होतं.

मुलीने कागद वाचला. तरी तिचा धीर होत नव्हता. ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही सोबत आहात ना? तुमची हरकत नाही ना?"

आई माझ्याकडे बघत होती. विनवणी वगैरे नव्हती त्या नजरेत. भाजीवाला काय भाव सांगतोय याची वाट बघावी तशी ती बघत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी नाही म्हटलं असतं तर ती वाद न घालता बाजूला झाली असती, ड्रेस घडी करून कपाटात गेला असता, आणि आईला चक्कर येते हे परत सगळ्यांना माहीत झालं असतं. मला तसं व्हायला नको होतं. पण ती पडायलाही नको होती.

"मीपण बसते," मी म्हटलं. "तिच्या बाजूच्या खुर्चीत."

"मग हे कोण सांभाळणार?" आई म्हणाली आणि तिने चपला काढल्या.

"लॉकर आहेत ना तिकडे."

"चपला कुणी लॉकरात ठेवतं का?" तिने ओढणी काढून घडी केली, पर्सवर ठेवली, पर्स माझ्या हातात दिली, वर पाण्याची बाटली, आणि वाकून उचललेल्या चपला. "धर."

मी धरलं. मुलीला मी मान हलवून हो म्हटलं की नुसती मान खाली घातली, मला आता सांगता येणार नाही. तिने ते हो धरलं आणि आईला हाताला धरून आत नेलं.

मी बाकावर बसले. माझ्या मांडीवर सगळा पसारा. आई बाहेरच्या रांगेतल्या खुर्चीत बसली. पट्टा लावला गेला, मुलीने दोनदा ओढून बघितला, मी इथून तिसऱ्यांदा मनातल्या मनात ओढला. शिट्टी वाजली. आईचे अनवाणी पाय जमिनीवरून सुटले.

पहिल्या फेरीत मला ती सापडलीच नाही. दुसऱ्या फेरीत हिरवा रंग दिसला आणि मी हात वर केला. ती पुढे निघून गेली. तिसऱ्या फेरीला मी उभी राहिले, पर्स काखेत मारली आणि जोरात हात हलवला. खुर्च्या आता खूप वर होत्या. ती आली, माझ्या समोरून गेली. मला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. ती घाबरलेली नव्हती, हसतही नव्हती. खाडीकडे बघत होती, आणि केस सुटून तोंडावर आले होते ते तिने मागे घेतले नव्हते.

"आई!" मी ओरडले. बाजूच्या बाकावरचं एक जोडपं माझ्याकडे बघायला लागलं. मी तरी हात खाली घेतला नाही. प्रत्येक फेरीला मी हात करत होते आणि प्रत्येक फेरीला ती दुसरीकडे बघत जात होती. आधी वाटलं तिला बरं वाटत नसेल. मग कळलं, तिचं चांगलं चाललंय, आणि मला राग आला. इतके दिवस झोप नाही, इतकी धावपळ, इथं चपला घेऊन उभी आहे मी, एकदा इकडे बघायला काय जात होतं हिचं?

छत्री हळू झाली, खुर्च्या खाली आल्या. मुलीने पट्टा सोडला. आई क्षणभर तशीच बसून राहिली, मग उठली आणि गरम फरशीवर अनवाणीच माझ्याकडे आली. गुडघा ठीक होता. चेहरा लाल झाला होता. मी तिला पाणी दिलं आणि ती पीत असतानाच म्हटलं, "मी केवढा हात करत होते तुला. एकदासुद्धा बघितलं नाहीस."

आईने बाटलीचं झाकण लावलं.

"तू होतीस होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी बाई रिक्षा थांबवतेय."

ती हसली नाही. मी हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो हललेला फोटो होता, आणि त्यातला तो हात, ज्याला आम्ही इतकी वर्षं अल्बम काढून काढून हसलो होतो. मी खाली वाकून तिच्या चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग रांगेकडे.

"राहू देत तुझ्याजवळच," आई म्हणाली. "आता गर्दी कमी आहे. अजून एकदा जाऊन येते."

ती गेली. मी चपला उचलून बाकाखाली जोडीने लावल्या आणि बसले.